शिकारी झाडाचा जमाखर्च

नर्सरीतून व्हीनस फ्लायट्रॅपची कुंडी घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : याला खायला काय घालायचं? मग कुणी माशी पकडून आणतं, कुणी पनीरचा तुकडा ठेवून पाहतं, एखादा उत्साही गृहस्थ खिम्याची चिमूट घालतो. कुंडी दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशा जागी विराजमान होते. रोज नळाचं पाणी, अधूनमधून मूठभर गांडूळखत, आणि पाहुणे आले की काडीने टोचून जबडा मिटवून दाखवण्याचा खेळ. दोन-तीन महिन्यांत एकेक पान काळं पडतं आणि घरातले लोक निकाल देऊन मोकळे होतात, की ही परदेशी झाडं, आपल्या हवेत जगायची नाहीत. हवेचा मुद्दा काही अंशी खरा आहे, त्याकडे पुढे येऊच. पण घरात मेलेल्या कीटकभक्षी झाडांपैकी उपासमारीने मेलेलं झाड शोधून सापडणं कठीण. ती मरतात लाडाने. गुलाबाला आणि मनी प्लँटला जे मानवतं ते सगळं त्यांना हौसेने दिलं जातं आणि ज्या उन्हावाचून त्यांचं खरोखर अडतं, ते मात्र मिळत नाही. या झाडांना भूक नेमकी कशाची असते हे एकदा समजून घेतलं, की त्यांची निगा राखण्याचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

‘झाड प्राणी खातं’ ही कल्पना माणसाला पचायला शंभरएक वर्षं लागली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन एलिस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने व्हीनस फ्लायट्रॅपचं वर्णन लिनीयसला कळवलं आणि हे झाड पोषणासाठी कीटक धरत असावं असा तर्क केला. सगळ्या जीवसृष्टीचं वर्गीकरण करायला निघालेल्या लिनीयसला तो काही पटला नाही. लाजाळूची पानं मिटतात तशीच ही मिटत असतील, असं त्याचं मत. पुढे १८६०च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात चार्ल्स डार्विनचं लक्ष ड्रॉसेराच्या, म्हणजे आपल्याकडे दवबिंदू म्हणतात त्या वनस्पतीच्या पानांवर चिकटलेल्या असंख्य कीटकांकडे गेलं. त्याने त्या पानांवर काय काय ठेवून पाहिलं याची यादी मोठी आहे. मांस, अंड्याचा पांढरा बलक, दूध यांना पानं प्रतिसाद देत. त्यांचे तंतू वाकून पदार्थाला वेढत. साखर, स्टार्च, तेल यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. अमोनियाच्या क्षारांचा कल्पनेपलीकडे सूक्ष्म अंश मात्र त्यांना लगेच समजे. १८७५ साली डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं आणि वाद मिटला. त्या यादीतला भेद आपल्या कामाचा आहे. साखर आणि तेल म्हणजे निव्वळ ऊर्जा. मांस, अंडं आणि अमोनिया म्हणजे नत्र. पानाला जेवण नको होतं, नत्र हवं होतं. ऊर्जेची सोय ते इतर कोणत्याही हिरव्या पानासारखी उन्हातून करून घेत होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर कीटक हा या झाडाचा भात-भाकरीचा घास नसून शेतकरी पिकाला टाकतो त्या युरियाच्या जागी आहे. ‘खातं’ या क्रियापदामुळे सगळा घोळ होतो.

खत मिळवण्याचा हा मार्ग झाडाला स्वस्त पडत नाही. सापळा हे मुळात पानच, पण पान म्हणून ते फार कामचुकार असतं. ज्या ऊतींनी प्रकाश पकडून साखर बनवायची, त्याच ऊती जबडा, घट किंवा चिकट तंतू बनवण्यात खर्ची पडतात. वर मध, चिकटा आणि पाचकरस तयार करण्याचा खर्च वेगळा. मग हा सौदा परवडतो तरी कुठे? अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये या प्रश्नाचा रीतसर जमाखर्च मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मातीत नत्र-स्फुरदाची टंचाई, मुबलक ऊन आणि मुबलक पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच कीटक धरणं फायद्याचं ठरतं. माती सकस असेल तर मुळांनी जे फुकटात मिळतं त्यासाठी सापळे उभारणारं झाड शेजारच्या साध्या झाडापुढे मागे पडेल. सावली असेल तर वाढीला अडसर प्रकाशाचा असतो. कितीही नत्र मिळालं तरी ते वापरून साखर बनवायला ऊनच नाही. आणि कोरडी जागा असेल तर चिकटा व रस गाळण्याइतकं पाणी उधळणं परवडणार नाही. आता हाच हिशेब उलट बाजूने वाचा. दिवाणखान्यातल्या कुंडीत सकस माती असते, सावली असते आणि पंख्याची किंवा एसीची कोरडी हवा असते. तिन्ही अटी एकदम मोडायच्या तर याहून बरी जागा सापडणार नाही.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. उत्तर अमेरिकेच्या पाणथळींत सारासेनिया पुर्पुरिया नावाची बुटकी, गडवाच्या आकाराच्या पानांची वनस्पती उगवते. पावसातून मिळणारं नत्र वाढवलं तर तिचं काय होतं, हे आरन एलिसन आणि निकोलस गॉटेली या संशोधकांनी तपासलं. २००२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की नत्र जसजसं वाढतं तसतसे झाडाचे घट आक्रसतात आणि घटाच्या बाजूची चपटी पट्टी रुंदावते. पुरेसं नत्र आयतं मिळालं तर झाड जवळजवळ साधी, चपटी पानंच काढू लागतं. आपल्या घटपर्णीला भरपूर खत घातलं, पानं तर हिरवीगार आली, मग घट का येत नाहीत, असं विचारणाऱ्याला याहून चांगलं उत्तर नाही : तुम्ही घटांची गरजच ठेवली नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या ट्रायफियोफायलम नावाच्या वेलीची गोष्ट आणखी बोलकी आहे. ही वेल आयुष्याच्या एका टप्प्यातच चिकट सापळ्याची पानं काढते, तीही नेहमी नाही. २०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं की तिला शिकारी बनवणारी गोष्ट म्हणजे स्फुरदाची टंचाई. आणि बोर्निओतल्या घटपर्णींनी तर कीटकांचा हट्टही सोडलेला आहे. नेपेंथिस लोवाय ही जात खारीसारख्या दिसणाऱ्या ट्री श्रू या प्राण्याला झाकणावरचा गोड स्राव चाटायला देते आणि बदल्यात त्याची विष्ठा आपल्या घटात पाडून घेते. हेम्सलियाना ही जात वटवाघळांना दिवसा घटात झोपायला जागा देते, भाडं त्याच स्वरूपात वसूल करते. ॲम्प्युलारिया ही जात वरून गळणारा पालापाचोळा कुजवून घेते. नत्र मिळाल्याशी कारण. ते कोणाकडून आलं याचं त्यांना सोयरसुतक नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे बघायला बोर्निओ गाठायची गरज नाही. साताऱ्याजवळचं कासचं पठार फुलांसाठी गाजलेलं आहे, २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. पण फुलांचे फोटो काढायला आलेल्यांपैकी थोडेच लोक गुडघे टेकून जमिनीलगत पाहतात. जांभ्या खडकावर जेमतेम बोटभर मातीचा थर, त्यातलाही क्षार धो-धो पावसाने धुऊन नेलेला. झाडांची सावली नाही. तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ड्रॉसेरा बर्मानाय उगवते : रुपयाच्या नाण्याएवढा, जमिनीला टेकलेला तांबूस पानांचा चक्राकार गुच्छ, प्रत्येक पानावर लाल तंतू आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट द्रवाचा चकाकता थेंब. चिलट त्यावर बसलं की सुटण्यासाठी जितकी धडपड करेल तितके जास्त थेंब त्याला लागतात आणि पानाच्या कडेचे लांब तंतू काही सेकंदांत आत वळून त्याला मध्यभागी दाबून धरतात. शेजारीच उभी वाढणारी, गवताच्या पात्यासारख्या पानांची ड्रॉसेरा इंडिका असते. निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे ताटवे दिसतात, तीही शिकारीच. तिचे टाचणीच्या डोक्याएवढे फुगे चिखलात दडलेले असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. निकस माती, मोकळं ऊन, भरपूर पाणी, अशा गिव्हनिशच्या तिन्ही अटी कासवर पावसाळ्यात एकत्र येतात. पाऊस ओसरून पठार वाळलं की पाण्याची अट तुटते आणि बर्मानाय व इंडिका बी टाकून संपून जातात. पेल्टाटा ही तिसरी जात जमिनीखालच्या कंदात दडून पुढच्या पावसाची वाट पाहते. उपलब्ध कीटकांचा या वेळापत्रकाशी संबंध नाही; कोरड्या दिवसांतही पठारावर मुंग्या असतातच.

तेव्हा घरात सगळ्यात आधी सोय करायची ती उन्हाची. फ्लायट्रॅप, सारासेनिया आणि बहुतेक ड्रॉसेरा यांना दिवसाचे किमान चार-पाच तास थेट ऊन हवं. खिडकीच्या काचेआड, पडद्यामागे मिळणारा ‘छान उजेड’ आपल्या डोळ्यांना पुरतो, पानाला पुरत नाही. ग्रीलच्या बाहेरच्या बाजूला, गॅलरीच्या कठड्याजवळ किंवा गच्चीवर ही झाडं ठेवावीत. ऊन पुरतं की नाही हे झाड स्वतःच सांगतं. फ्लायट्रॅपच्या जबड्याची आतली बाजू लालसर होणं आणि दवबिंदूच्या प्रत्येक तंतूवर थेंब टिकणं ही तब्येत चांगली असल्याची खूण. लांबुडकी, फिकी, लोळणारी पानं ही अंधाराची तक्रार. घटपर्णीला दुपारचं कडक ऊन नको, सकाळचं कोवळं आणि बाकी दिवसभर भरपूर विखुरलेला प्रकाश तिला मानवतो. फ्लॅटला ऊनच येत नसेल तर एलईडी ग्रो-लाइट दिवसाचे १२ ते १४ तास लावून चांगलं काम भागतं, आणि त्यापायी येणारं विजेचं बिल हे या छंदातलं सगळ्यात योग्य कारणासाठी आलेलं बिल म्हणायला हरकत नाही. नर्सरीतला काचेचा घुमट मात्र काढून टाकावा. आतला दमटपणा टिकवायला म्हणून तो असतो, पण उन्हात ठेवला की आतलं झाड अक्षरशः शिजतं.

उन्हाखालोखाल येतं पाणी. पाण्याच्या बाबतीत आपली समजूत सगळ्यात जास्त आड येते, कारण जे पाणी आपण पितो ते झाडाला वाईट कसं असेल? उत्तर मोजून पाहावं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तरी भारतीय मानकाप्रमाणे ते चांगलं पाणी. कीटकभक्षी झाडांना हेच प्रमाण ५०च्या आत हवं. समजा नळाच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि एका कुंडीला रोज २०० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे रोज ६० मिलिग्रॅम क्षार कुंडीत जातात. पाणी उडून जातं किंवा पानांवाटे बाहेर पडतं, क्षार मात्र तिथेच साचतात. महिन्याला जवळपास पावणेदोन ग्रॅम, वर्षाला २२ ग्रॅम, तेही वितभर कुंडीत. जिथे वर्षानुवर्षं पावसाने धुतलेल्या मातीची मुळांना सवय, तिथे हे मीठ-चुन्याचं ओझं. शिवाय पाणी जड असेल तर त्यातला चुना आम्लधर्मी माध्यमाची आम्लता मारतो. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी तर ते या झाडांना घालायचा विचारच करू नये. आरओ यंत्राचं पाणी चालतं, पण बऱ्याच घरगुती यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते, तेव्हा विश्वासावर न जाता विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने मोजावं. उकळलेलं पाणी उपयोगाचं नाही. उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेले क्षार बहुतांशी जिथल्या तिथेच राहतात. सगळ्यांत उत्तम पावसाचं पाणी, आणि ते साठवणं वाटतं तितकं अवघड नाही. रोज २०० मिलिलिटर या हिशेबाने पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांना ४८ लिटर पुरतं. २० लिटरचे तीन कॅन झाले. पहिल्या एक-दोन सरींनी छपरावरची धूळ धुऊन जाऊ द्यावी, मग भरून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावं. पावसाळ्यात कुंड्या थेट पावसात ठेवल्या तर साचलेले क्षारही धुऊन निघतात.

मातीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण माती वापरायचीच नाही. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत, नर्सरीचं ‘पॉटिंग मिक्स’ हे सगळं वर्ज्य. पीट मॉस किंवा स्फॅग्नम मॉसमध्ये परलाइट मिसळलं की फ्लायट्रॅप आणि दवबिंदूचं भागतं. घटपर्णीला याहून हवेशीर मिश्रण हवं, म्हणून त्यात ऑर्किडसाठी मिळणारे सालीचे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे घालतात. किनाऱ्यावरची वाळू नको, तिच्यात मीठही असतं आणि शिंपल्यांचा चुनाही. कुंडी मातीची नको, प्लॅस्टिकची बरी. इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे : पीट हजारो वर्षांच्या पाणथळी खोदून काढावं लागतं, त्यात साठलेला कार्बन हवेत जातो, आणि ज्या पाणथळींत ही झाडं राहतात त्याच आपण कुंडीसाठी उपसतो. यावर निर्विवाद उत्तर नाही. पण एका कुंडीला मूठ-दोन मुठीच लागतात, आणि पीटऐवजी कापल्यावर पुन्हा वाढणारं स्फॅग्नम मॉस वापरता येतं. कोकोपीट आपल्याकडे स्वस्त आणि मुबलक असलं तरी त्यात बहुधा क्षार असतात. ते कमी क्षारांच्या पाण्यात अनेकदा भिजवून, पिळून, शेवटच्या पाण्याला मीटर लावून मगच वापरावं. एवढा खटाटोप ज्याला जमेल त्याने तोच मार्ग धरावा.

आता खाऊ घालण्याचा प्रश्न. नुसतं ऊन-पाणी पुरतं म्हणता, मग डार्विनच्याच घरातला पुरावा तुमच्याविरुद्ध जातो, असं कुणी म्हणेल. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८ मध्ये दवबिंदूची काही रोपं उपाशी ठेवली आणि काहींना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले. खाल्लेल्या रोपांना फुलोरे आणि बिया कितीतरी जास्त आल्या. प्रयोग चोख आहे आणि निष्कर्षही खरा. पण त्याची रोपं निकस माध्यमात, योग्य प्रकाशात होती आणि जाळीखाली असल्यामुळे उपाशी रोपांना स्वतःची शिकार करता येत नव्हती. गॅलरीतल्या झाडावर जाळी नसते. मुंग्या, चिलटं, दिव्याकडे येणारे पाखरू-किडे त्याला आपसूक मिळतात. शिवाय उपाशी रोपंसुद्धा मेली नाहीत, त्यांची भरभराट कमी झाली एवढंच. म्हणजे कीटक हा बोनस आहे, पगार नव्हे. ज्याचं झाड बंद खोलीत दिव्याखाली आहे त्याने महिन्यातून एक-दोनदा एखाद्या सापळ्यात छोटा किडा जरूर घालावा, पण फ्लायट्रॅपच्या जबड्याची कामाची पद्धत ध्यानात ठेवून. जबड्याच्या प्रत्येक पाकळीवर सहसा तीन संवेदी केस असतात. एकदा स्पर्श झाला तर काही होत नाही. साधारण २० सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला की सेकंदाच्या दहाव्या हिश्शात जबडा मिटतो. पावसाच्या थेंबावर शक्ती वाया जाऊ नये म्हणून ही खातरजमा. मिटल्यावरही मोजणी थांबत नाही. आत अडकलेला किडा धडपडत पुन्हापुन्हा केसांना धक्के देतो आणि पाचएक धक्के मोजून झाल्यावर पाचकरसांची तयारी सुरू होते, असं २०१६ मध्ये जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून मेलेला किडा नुसता आत टाकून भागत नाही. मिटलेला जबडा बाहेरून हलकेच चोळावा लागतो, नाहीतर झाड फसगत समजून दिवसभरात तो उघडतं. प्रत्येक जबडा आयुष्यात थोड्याच वेळा मिटू शकतो. पाहुण्यांसाठी काडीने केलेला प्रत्येक खेळ त्या मोजक्या वेळांमधून वजा होतो. पनीर, मांस, उकडलेलं अंडं घालू नये, कारण त्यातली चरबी आणि जास्तीचा अंश सडतो आणि जबडाही सोबत काळा पडतो.

डास कमी होतील म्हणून ही झाडं घेणाऱ्यांची निराशा ठरलेली आहे. निसर्गात फ्लायट्रॅपच्या जबड्यात मुख्यतः मुंग्या, कोळी, भुंगेरे असे चालत येणारे प्राणी सापडतात. एका झाडाला दहा-बारा जबडे, प्रत्येकाला एक किडा पचवायला आठवडाभर. या वेगाने घरातले डास संपायचे नाहीत. उलट सावध राहायला हवं ते दुसऱ्याच कारणाने. फ्लायट्रॅप आणि दवबिंदूची कुंडी पाण्याने भरलेल्या ताटलीत ठेवण्याची पद्धत जगभर रूढ आहे, आणि कुंडीखालची ताटली म्हणजे डेंगीच्या एडिस डासाची आवडती जागा. महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात नेमक्या याच ताटल्या तपासतात, आणि ते बरोबरच आहे. अंड्यापासून डास उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य विभाग सांगतो तसा आठवड्यातून एक कोरडा दिवस या ताटल्यांनाही पाळावा. नुसतं पाणी ओतून टाकणं पुरत नाही. एडिसची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोनमहिने तग धरतात, तेव्हा ताटली घासून घ्यावी. किंवा ताटलीत जाड गारगोटीची रेती भरून पाण्याची पातळी रेतीच्या खाली ठेवावी. घटपर्णीला ताटलीत पाणी लागतच नाही, मुळं सडतात.

राहिला हवेचा प्रश्न. इथे ‘आपल्याकडे जगत नाही’ म्हणणाऱ्यांना निम्मा न्याय द्यायला हवा. व्हीनस फ्लायट्रॅप मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साऊथ कॅरोलायनाच्या किनारी पट्टीतलं, विल्मिंग्टन शहराभोवतीच्या जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टापूतलं. तिथे पाईनच्या विरळ जंगलात वरचेवर वणवे लागतात आणि सावली करणारी झुडपं जळून जातात, म्हणून हे बुटकं झाड टिकतं. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच दमट आणि तापलेला. महाराष्ट्राच्या मे महिन्याने ते मरत नाही. त्याचं अडतं ते हिवाळ्यावाचून. थंडीत तिथला दिवस सुमारे दहा तासांवर येतो, रात्री गोठणबिंदूच्या आसपास जातात आणि झाड तीन-चार महिने विश्रांती घेतं. मुंबईचा सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि थंडी नावापुरती. विश्रांती न मिळालेलं फ्लायट्रॅप एखाद-दोन वर्षं रेटतं आणि खंगतं. पुणे, नाशिकच्या गच्चीवर डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर ठेवून थोडंफार जमतं. काही हौशी लोक रोप उपटून, ओल्या मॉसमध्ये गुंडाळून तीन महिने फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतात. हे शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे, पण कोथिंबिरीशेजारी झाड झोपवण्याची तयारी घरातल्या सगळ्यांची असेलच असं नाही. माझ्या मते पहिलं झाड म्हणून फ्लायट्रॅप घेणं ही निवडच चुकीची आहे, आणि ज्या झाडावरून आपण सगळ्या गटाबद्दल मत बनवतो ते झाड नेमकं आपल्याला सर्वांत गैरसोयीचं निघतं.

घटपर्णीचं गणित वेगळं. तिच्या बहुसंख्य जाती आग्नेय आशियातल्या आणि विषुववृत्तीय उष्णतेत वाढणाऱ्या. हिवाळ्याच्या झोपेची त्यांना गरज नाही. हजार मीटरच्या खाली उगवणाऱ्या जातींना मुंबई-कोकण-गोव्याची दमट उष्णता घरच्यासारखी वाटते. डोंगरउतारावरच्या जातींना रात्री गारवा लागतो, त्या मुंबईत घेऊ नयेत. घटपर्णी घेतल्यावर सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे जुने घट वाळले, नवे येत नाहीत. वाळलेला घट पुन्हा कधीच भरत नाही. नवा घट नव्या पानाच्याच टोकाला, तणाव्याच्या अग्रावर फुगतो. तो फुगला नाही तर कारण तीनपैकी एक : उजेड कमी, हवा कोरडी, किंवा कुंडीत खत. कोरड्या हवेचा घटाच्या कामाशीही संबंध आहे. घटाची चकचकीत कड ओली असते तेव्हाच घसरडी होते. कोरडी असताना मुंगी तिच्यावरून बिनधास्त फिरून जाते. उन्हाळ्यात पुण्या-नागपुराकडे पानांवर दिवसातून दोनदा तेच कमी क्षारांचं पाणी फवारावं, किंवा चार कुंड्या एकत्र दाटीने ठेवाव्यात.

देशी झाड हवं असणाऱ्यांना दवबिंदूची बर्मानाय उत्तम. ती वार्षिक आहे; बी धरल्यावर वाळली म्हणजे तुमची चूक झाली असं नाही. बी कुंडीतच सांडतं आणि ओलावा मिळाला की पुन्हा उगवतं. मात्र कासवरून किंवा कोकणच्या सड्यावरून रोप खणून आणायचं नाही. नाण्याएवढं झाड उपटल्याने काय बिघडतं, असं वाटणारे हजारो लोक एका हंगामात पठारावर येतात. शिवाय पठारावरून आणलेलं रोप बहुधा फुलावर आलेलं, म्हणजे आयुष्याच्या अखेरीला पोचलेलं असतं. ते तसंही महिन्याभरात जाणार. भारतातली एकमेव घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, मेघालयातच आढळते. दक्षिण गारो हिल्समध्ये बाघमाऱ्याला तिच्यासाठी अभयारण्य राखलं आहे आणि वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचं नाव असल्याने जंगलातून काढलेल्या रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. फ्लायट्रॅपच्या मूळ भूमीत तर चोरी इतकी वाढली की नॉर्थ कॅरोलायनाने २०१४ मध्ये जंगली रोपं उपटणं हा गंभीर गुन्हा ठरवला. मग ही झाडं घरात ठेवावीत तरी का, हा आक्षेप उरतो. त्याला उत्तर ऊतिसंवर्धनाने दिलेलं आहे. प्रयोगशाळेत एका रोपापासून हजारो रोपं होतात, ती जंगलातल्या चोरीच्या मालापेक्षा स्वस्त पडतात, आणि जंगलावरचा भार कमी करण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. नर्सरीवाल्याला रोप कुठून आलं हे विचारावं; सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरी नर्सरी गाठावी.

पहिल्यांदाच घेत असाल तर व्हेन्ट्राटा नावाने विकली जाणारी घटपर्णी घ्या. फिलिपिन्समधल्या जातींचा हा संकर दोन्ही प्रकारची हवा सोसतो, मुंबईच्या गॅलरीत आणि पुण्याच्या गच्चीत सारखाच टिकतो. आणि कुंडी घरी आणण्याच्या आधी काही शे रुपयांचा टीडीएस मीटर आणून घरातलं पाणी मोजा. आकडा ५०च्या वर आला, तर रोपाऐवजी आधी पावसाचं पाणी साठवायला झाकणाचे कॅन घ्या.